कपाटाखालचं मेण

अन्वी, तू शाळेच्या लांब कॉरिडॉरचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आजी, बघ कसं आरशासारखं चमकतंय!" मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. चमक चांगली आहे. मेणाचे चार हात तरी दिलेले दिसतात. पण भिंतीच्या कडेला पिवळट पट्टा आहे, आणि दाराजवळ पांढुरकी साय धरली आहे. म्हणजे जुनं मेण कडेपर्यंत काढलेलं नाही आणि दाराशी शेवटचं पाणी नीट फिरवलेलं नाही. दारापर्यंत येता येता माणूस दमलेला असतो, त्याला घर दिसायला लागतं. तुझ्या शाळेतल्या माणसाला मी नावं ठेवत नाही. फोटोत तू कुठे उभी आहेस हे मला नंतर दिसलं, एवढंच.

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंय की आजी "हाउसकीपिंगमध्ये" होती. शब्द खोटा नाही, पण त्यातून काही कळतही नाही. तेव्हा तुम्ही दोघं जरा बसा आणि नीट वाचा. रोहन, तूसुद्धा. मराठी वाचायला वेळ लागला तरी चालेल.

तुमची आजी फरशा सोलायची.

सोलणं हा आमचा शब्द. मेण सोडवायच्या औषधाच्या डब्यावर इंग्रजीत "स्ट्रिपिंग" लिहिलेलं असायचं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले तेव्हा शिक्षिका होईन असं घरात सगळ्यांना वाटत होतं. पण मला पणजीच्या एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खोलीवर नोकरी लागली. तिथे एकदा परदेशातून फरशी घासायचं मशीन आलं. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते सगळं वाचायचा धीर कुणाला नव्हता. मला बोलावलं. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मग बाल्दी भरली आणि तसंच करून पाहिलं. पुस्तकात लिहिलेलं खरंच होतं हे पाहून मला जो आनंद झाला तो कॉलेजात कधी झाला नव्हता.

पुढे लग्न होऊन डिचोलीला आले आणि काही वर्षांनी स्वतःची कामं घ्यायला लागले. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या खापरपणजी नव्हेत, पणजी, शेजारणीला सांगायच्या, "इंग्लीश शिकून लोकांच्यो जमनी पुसता गो आमची सून!" मला ऐकू जाईल अशाच सांगायच्या. पण माझा डबा त्याच भरायच्या, आणि त्यात पावाबरोबर सुकी भाजी असली की एक पाव जास्त घालायच्या. बायांना दे, म्हणायच्या.

आता काम काय असतं ते सांगते. कार्यालयाच्या मोझेक किंवा प्लास्टिकच्या टाइल्सवर मेणाचा पातळ द्रव लावतात. तो वाळून कडक होतो, त्याला चमक येते आणि बुटांचे ओरखडे मेणावर पडतात, टाइलवर पडत नाहीत. वर्षभरात ते मेण घासून मळतं. लोक काय करतात, त्याच्यावर आणखी एक हात देतात. मग आणखी एक. मळ आत राहतो आणि वर चमक येते. आमच्या बाजूला तर लाल धूळ. पाळीच्या खाणींकडून खनिजाचे ट्रक दिवसभर सुटायचे, आणि रस्ता, केळीची पानं, कपाळ, कपडे सगळं एका रंगाचं व्हायचं. ती धूळ मेणात पुरली जायची. काही वर्षांत पांढरी फरशी विटेसारखी दिसायची आणि ती कधी पांढरी होती हे कार्यालयातले लोकही विसरायचे. एका ठिकाणी आम्ही काम संपवलं तर तिथले साहेब विचारतात, "नव्या टाइल्स घालायला कुणी सांगितलं?"

सोलायचं म्हणजे हे सगळे थर एकदम काढायचे. औषधाचं पाणी ओतायचं, ते मुरू द्यायचं पण वाळू द्यायचं नाही. मग काळ्या पॅडचं मशीन फिरवायचं. खालून जो चिखल निघतो तो उचलायचा, स्वच्छ पाणी फिरवायचं, पुन्हा फिरवायचं. शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर, म्हणजे औषधाचा अंश राहत नाही. फरशी पूर्ण कोरडी झाली की नवं मेण, पातळ, एकावर एक. आणि शेवटचा हात वाळेपर्यंत आत कुणीही नाही. मांजरसुद्धा नाही.

मशीन गोल आणि खोल्या चौकोनी, ही या धंद्यातली मुख्य अडचण. कोपरे आणि कडा हातानेच काढाव्या लागतात, उकिडवं बसून, पात्याने. ते काम आमच्याकडे कस्तुरी करायची. ती बेळगाव जिल्ह्यातली, खानापूरच्या बाजूची. नवरा बांधकामावर होता. दोन मुली डिचोलीच्या शाळेत शिकत होत्या. मशीन चालवायचा तानाजी, गडहिंग्लजकडचा. तो मशीनला "म्हस" म्हणायचा, कारण नवख्या माणसाने हात लावला की ते त्याला भिंतीकडे ओढत न्यायचं. आणखी दोन-तीन माणसं लागतील तशी यायची, पण आमचं घर या दोघांवर उभं होतं.

औषधाने हाताची कातडी सुटते. मी रबरी हातमोजे आणले होते, पण पात्याची धार मोज्यातून कळत नाही म्हणून कस्तुरी ते काढून ठेवायची. काम संपलं की पिशवीतून खोबरेलाची छोटी बाटली काढायची आणि हातांना चोळत बसायची. ही बाटली लक्षात ठेवा.

माझा एक नियम होता. कपाटं हलवायची आणि त्यांच्याखालीही सोलून मेण लावायचं. तानाजी कुरकुरायचा, "बाई, कपाटाखाली कोन बघनार? उंदरं?" मी म्हणायची, उंदरांनी बघावं. खरं कारण असं की अर्धी सोललेली फरशी मला रात्री झोपू देत नसे. माझ्या कपाटातले टॉवेल तुम्ही पाहिले आहेत. तेच.

सगळी कामं मी घेतली असंही नाही. फोंड्याकडच्या एका देवळाच्या समितीने सभामंडपाला मेण लावून मागितलं होतं. मंडपात समया, अभिषेकाचं पाणी, अनवाणी ओले पाय आणि सत्तरीच्या पुढच्या बाया. मी हात जोडून नाही म्हटलं. समितीतले एक गृहस्थ रागावले, "देवाचं काम नाकारता?" मी म्हटलं, देवाचं नाकारत नाही, मोडलेली हाडं नाकारते. त्यांनी दुसऱ्याला विचारलं असेल. तिकडे पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि कधी विचारायचं धाडसही झालं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे त्या कार्यालयाकडे येते.

डिचोली तालुक्यात एका खाण कंपनीचं मोठं कार्यालय होतं. कंपनीचं नाव घेत नाही, ती आता राहिलेली नाही आणि ती इमारतही आता दुसऱ्याच कुणाची आहे. एक मोठा हॉल, मधे टेबलांच्या रांगा, भिंतीला लोखंडी कपाटं, समोर रुंद व्हरांडा. तिथले हेडक्लार्क नाईकबाब, पेडण्याचे. निवृत्तीला आलेले, कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं मोठ्याने. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन हॉलमधल्या देवाच्या फोटोला हार घालायचे आणि चिमूटभर साखर ठेवायचे.

ते राजभाषेच्या वादाचे दिवस होते. गोवा घटक राज्य होणार, कोकणी की मराठी, घराघरात हेच. नाईकबाब पक्के मराठीवाले. त्यांच्या समोरच्या टेबलावर सिनारी म्हणून एक तरुण कारकून होता, तो तितकाच पक्का कोकणीवाला. आम्ही पहिल्यांदा तिथे काम करायला गेलो तेव्हा मी दाराशी पाटी ठेवली होती, "फरशी ओली आहे." सिनारी म्हणाला, ही पाटी कोकणीत हवी, "जमीन ओली आसा". नाईकबाब म्हणाले, मराठीत काय वाईट आहे? बघता बघता दोन्ही बाजूंची माणसं जमली आणि वाद चांगलाच रंगला. भांडत होते भाषेवरून, पण दोन्ही बाजू एकाच घरगुती बोलीत भांडत होत्या. आणि सगळे उभे होते त्या ओल्या फरशीवर! तानाजी हातात पोचा घेऊन माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी पाटीवर पेंटरकडून चित्र काढून आणलं, पाय वर झालेला माणूस. नाईकबाबांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हो सिनारीसारखो दिसता."

तर त्या कार्यालयाचं काम पुढेही आमच्याकडेच राहिलं. एका वर्षी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीत आम्ही हॉल पूर्ण सोलला. कपाटं हलवली, खालून लावलं, पुन्हा जागेवर ठेवली. काम इतकं चांगलं झालं होतं की मी निघताना दारातून दोनदा मागे वळून पाहिलं.

दोन-तीन आठवड्यांनी निरोप आला की नाईकबाब हॉलमध्ये घसरून पडले आणि उजवा हात मनगटात मोडला.

मी कस्तुरी आणि तानाजीला घेऊन गेले. फरशी पाहिली. चमक गेली होती. टेबलांच्या मधल्या वाटेवर मेण ढगाळ आणि तुळतुळीत झालं होतं, बोट लावलं तर चिकट. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मॅनेजर तरुण होते, सभ्य होते, पण वरून त्यांच्यावर फोन येत असणार. हॉलमध्ये सगळे कामावर होते आणि त्यांनी सगळ्यांसमोरच विषय काढला. "बाई, मेणात तेल मिसळलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

शिपाई शाणू कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "ती घाटीण खोबरेलाची बाटली घेऊन आली होती, साहेब. मी बघितलं. चमक यावी म्हणून ओतलं असणार."

हॉलमध्ये कुजबुज झाली. नाईकबाब प्लास्टर घातलेला हात पोटाशी धरून बसले होते. ते म्हणाले, "त्यांका काय, आज हांगा, उद्या थंय. हात मोडलो तो माजो!"

"ती तेल हातांना लावते," मी म्हटलं. "औषधाने हात फाटतात."

"तुम्ही तिचीच बाजू घेणार," मॅनेजर म्हणाले. "हे बघा, तुमच्याबद्दल तक्रार नाही. तिला काढून टाका. काम तुमचंच राहील. आणि तोवर ती या हॉलमध्ये यायला नको."

कस्तुरी दाराशीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

यात काय अडकलं होतं ते तुम्हाला कळायला हवं. डिचोली तेव्हा लहान होती. त्या कार्यालयातली माणसं संध्याकाळी बाजारात, तिथून घरी. एका बाईने मेणात तेल ओतून एका म्हाताऱ्याचा हात मोडला, एवढं सांगायला किती वेळ लागतो? त्यानंतर तिला बँक कामाला घेणार नाही, दवाखाना घेणार नाही, घरकामालाही कुणी दारात उभं करणार नाही. घर भाड्याचं, मुली शाळेत. परत गावी जावं लागलं असतं, आणि तेही हा शिक्का घेऊन.

बसस्टॉपवर ती मला म्हणाली, "काढून टाका मला, बाई. तुमचं काम ऱ्हाईल. मी बांधकामावर जाते."

"गप्प बस."

"मग काय करनार तुमी?"

"कपाट हलवणार," मी म्हटलं.

तानाजीला वाटलं माझं डोकं फिरलं. पण मला त्या हॉलमध्येच सुचलं होतं. एकाच दिवशी, एकाच डब्यातून, त्याच हातांनी आम्ही कपाटाखालीही मेण लावलं होतं. मेणात तेल असेल तर ते तिथेही असणार. आणि तिथे नसेल, तर जे काही झालं ते आम्ही गेल्यानंतर झालं.

मी मॅनेजरना भेटले आणि म्हटलं, शनिवारी दुपारी कार्यालय सुटलं की मला अर्धा तास द्या, आणि ज्यांच्यासमोर आरोप झाला त्यांना थांबायला सांगा. ते म्हणाले, एवढं कशाला वाढवता? मी म्हटलं, मी तिला काढणार नाही. तुम्हाला आमचं काम काढायचं असेल तर काढा, पण आधी कपाटाखाली बघून काढा.

शनिवारी कुणीही घरी गेलं नाही. फुकटचा तमाशा कोण सोडतो? सिनारी तर टेबलावर चढून बसला होता. कस्तुरीला आत यायला बंदी होती म्हणून ती व्हरांड्यात, खिडकीच्या गजांशी. नाईकबाबांनी कपाट हलवायला हरकत घेतली, फायली पडतील म्हणून. मी म्हटलं, पडल्या तर मी लावून देईन, आणि तुमच्यापेक्षा चांगल्या लावून देईन. लोक हसले. तानाजी आणि शाणूने मिळून कपाट बाजूला केलं.

खाली चौकोनी तुकडा होता, चवथीला सोडून गेलो तसाच. स्वच्छ, कडक, त्यात वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.

"साहेब, इथे नख लावा."

मॅनेजर इस्त्रीच्या पॅंटमध्ये गुडघ्यावर बसले. नख घसरलं. "आता इथे," मी वाटेवर बोट दाखवलं. तिथे नखाखाली मेणाची वळी निघाली, साबणासारखी.

"एकच डबा, एकच दिवस, एकच हात," मी म्हटलं. "मग इथे असं आणि तिथे तसं का? कपाटाखाली रोज पोचा जात नाही. वाटेवर जातो. शाणू, तू रोज सकाळी पुसतोस ना? आत्ता पूस. रोज जसं पुसतोस तसंच."

शाणू बाल्दी घेऊन आला. पाणी भरलं. मग त्याचा हात सवयीने दारामागे गेला आणि तिथेच थांबला. त्याने नाईकबाबांकडे पाहिलं.

मी दारामागे हात घातला. बाटली होती. बूच काढायचीही गरज नव्हती, वास आधीच आला होता.

"घासलेट," मी म्हटलं.

"मगे?" नाईकबाब खुर्चीतून म्हणाले, अगदी सहज. "घासलेट घालूकच व्हया! देवाकडे साखर ठेवतंय, मुंगये येतत. मीच सांगितलंय त्याका, बाल्दीत थोडा घाल म्हणून. आमच्या पेडण्याच्या घराक जन्मभर घासलेटाच्या पाण्यान जमीन पुसतत. कशी चमकता, येऊन बघ."

"तुमच्या घरी जमिनीवर मेण आहे?"

"मेण कित्याक? लाल शिमीट आसा."

"सिमेंटला घासलेट चालतं, नाईकबाब. आणि मेणाला काय करतं ते बघा." मी बाटलीतले थोडे थेंब कपाटाखालच्या त्या कडक, चकचकीत चौकोनावर टाकले. जरा थांबले. मग फडक्याने चोळलं. जिथे साहेबांचं नख घसरलं होतं तिथलं मेण लोण्यासारखं फडक्यावर आलं.

मग सिनारी टेबलावरून खाली उतरत म्हणाला, "म्हणजे नाईकबाब, तुमकां तुमीच उडयले! आतां बोर्ड लाया, हांगा नाईकबाबान घासलेट घातलां. मराठींत बरयलो जाल्यार लेगीत चलता!"

म्हणजे तुम्हीच तुम्हाला पाडलंत, आता पाटी मराठीत लिहिली तरी चालेल. हॉल हशाने फुटला. शाणूसुद्धा तोंडावर हात धरून हसला. नाईकबाब मात्र प्लास्टरकडे बघत होते. मला त्यांची दया आली. मनगट मोडलेलं, त्यात हे. जन्मभर घरात जे पाहिलं ते त्यांनी कार्यालयाचं भलं व्हावं म्हणून केलं होतं, आणि मेणाबद्दल त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मॅनेजर उठले, गुडघे झटकले. "चला, बरं झालं. मिटलं. सोमवारपासून घ्या काम, त्या बाईला आणलंत तरी चालेल."

"मिटलं नाही," मी म्हटलं.

त्यांना कळेना. काम परत मिळालं, आणखी काय हवं? मला स्वतःलाच माझा आवाज जरा मोठा वाटला. पण मी म्हटलं, "तिचं नाव इथे, सगळ्यांसमोर घेतलं गेलं. ते पुसायचं तर तेही सगळ्यांसमोर. मी बाहेर जाऊन तिला निरोप देणार नाही."

मॅनेजरनी घड्याळ पाहिलं. कोण बोलणार, असं सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शाणूने मान खाली घातली. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नाईकबाब उठले होते. ते त्याच तुळतुळीत वाटेवरून, टेबलांचा आधार घेत घेत, दाराकडे निघाले. सिनारी पटकन पुढे झाला आणि त्याने त्यांचा डावा दंड धरला. नाईकबाबांनी धरू दिला.

दारात उभं राहून ते मोठ्याने म्हणाले, म्हणजे नेहमी बोलायचे तसंच, "चूक माजी गो बाय. तुजा नांव घेतला, ता वायट जाला."

कस्तुरीने पदर सारखा केला. ती म्हणाली, "उजवा हात मोडलाय तुमचा. जेवता कसं?"

"चमच्यान."

"बरा होऊ दे आधी." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, ती बाटली द्या हिकडं." मी दिली. तिने ती आपल्या पिशवीत, खोबरेलाच्या बाटलीशेजारी ठेवली. शाणू तिच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला. ते मला ऐकू आलं नाही, आणि तिने मला कधी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही तो सगळा हॉल पुन्हा सोलला. घासलेटाने मऊ झालेलं मेण काढणं कठीण असतं, पॅड गच्च होतात, दर थोड्या वेळाने धुवावे लागतात. तानाजी म्हशीला शिव्या देत होता. बाहेर पाऊस रिपरिपत होता आणि हवा इतकी ओली की प्रत्येक हात वाळायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागत होता. मुंग्यांसाठी मी देवाच्या फोटोखाली पाण्याची बशी ठेवली आणि साखरेची वाटी त्यात. शेवटचा हात उरला तो सोमवारी पहाटे येऊन द्यावा लागला. तो कस्तुरीने दिला, मागे मागे सरकत, भिंतीपासून दारापर्यंत. आणि मग ती उंबऱ्यावरच बसली, चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पाय पसरून.

कार्यालयाची वेळ झाली. एकेक जण छत्री झटकत येऊ लागला आणि व्हरांड्यात थांबू लागला. सिनारी आला, शाणू आला. नाईकबाब आले, गळ्यात हात अडकवलेला. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "मागे सरकात रे." आतमध्ये मॅनेजरच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. तेवढ्यात साहेब स्वतः आले.

"माझा फोन आहे तो," ते म्हणाले.

"वाजू दे," कस्तुरी म्हणाली.

"पुण्याहून असेल. महत्त्वाचा असतो."

कस्तुरीने बोटांची मागची बाजू फरशीला हलकेच टेकवून पाहिली. "वाळलं न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तरी सांगा तिला."

"दार तिच्याकडे आहे, साहेब," मी म्हटलं.

पाऊस चालूच होता. सगळं कार्यालय त्यांच्या मागे गर्दी करून उभं होतं. फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला तसा त्यांचा एक बूट, बहुतेक त्यांच्याही नकळत, उंबऱ्याकडे सरकला.

"पाय," कस्तुरी वर न बघता म्हणाली.

साहेबांनी पाय मागे घेतला.